डायलिसिस, बीपीची गोळी आणि रक्तस्राव

डायलिसिस संपतं, सुया निघतात आणि हातावरची ती दोन छिद्रं दाबून धरावी लागतात. एरवी दहा-पंधरा मिनिटांत थांबणारं रक्त एखाद्या दिवशी अर्धा तास झाला तरी थांबत नाही. मग घरचे म्हणतात, "बीपीच्या गोळीनं रक्त पातळ झालंय, बंदच करा." कृपा करून असं करू नका.

बीपीच्या नेहमीच्या गोळ्या रक्त पातळ करत नाहीत. ते काम ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांचं. शिवाय मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, त्याचा अंमल नंतरही काही तास राहतो. त्यात मूत्रपिंडं निकामी झाली की प्लेटलेट्स नीट चिकटत नाहीत, रिपोर्टमधला आकडा चांगला असला तरी. अशा शरीरात बीपी चढलेलं राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. गोळी सोडणं उलट अंगावर येतं.

डायलिसिसच्या दिवशी गोळी आधी घ्यायची की नंतर, हे मात्र डॉक्टरांना विचाराच. पाणी काढताना काहींचं बीपी एकदम उतरतं. ॲटेनोलॉलसारखं औषध तर डायलिसिसमध्येच बरंचसं निघून जातं.

रक्त थांबायला वारंवार उशीर होत असेल, तर फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचतात ती हातातली जोडलेली रक्तवाहिनी) पुढे अरुंद झाला आहे का, तेही तपासून घ्या. आणि घरी फिस्टुलातून रक्ताची धार लागली, तर टॉवेल गुंडाळत बसू नका. नेमक्या छिद्रावर बोटानं घट्ट दाबा, हात वर धरा आणि कुणाला तरी लगेच 108 ला फोन करायला सांगा.