कोयता गेला, मूल गावातच राहिलं



दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात.
मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात.
नवरा-बायकोच्या या जोडीला तिकडे ‘कोयता’च म्हणतात.

कोयता निघाला, की मूलही निघतं.
शाळेच्या पटावर नाव राहतं.
मूल मात्र उसाच्या फडात.
आई पहाटे ऊस तोडायला जाते.
मग नऊ-दहा वर्षांची मुलगी पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते, उसाचे वाढे गोळा करते.
वसंतात ती गावी परतते, तेव्हा वर्ग फार पुढे गेलेला असतो.
पुढच्या वर्षी ती शाळेत येतच नाही.
मोठी झाली, की तिच्याही हाती कोयता येतो.

यावर उपाय एकच. मूल गावात राहिलं पाहिजे.

त्यासाठीच हंगामी वसतिगृहं आहेत.
पैसा सरकारचा, पण चालवते गावची शाळा व्यवस्थापन समिती.
जेवण गावातच शिजतं.
नाव वसतिगृह असलं, तरी रात्री पुष्कळ मुलं आजीजवळ झोपतात.

सरकारबाहेरही प्रयत्न झाले. बीडच्याच शिरूर कासार तालुक्यात, आर्वीला, दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी ‘शांतिवन’ ही संस्था उभी केली.
तिथे ऊसतोड कामगारांची मुलं राहतात आणि शिकतात.

पुन्हा सांगते, मूल गावात राहिलं, तर शाळा सुटत नाही.
मात्र वसतिगृह उशिरा उघडलं, तर उपयोग नाही.
ऊसतोडीला नेणारा ट्रक कुणासाठी थांबत नाही.

म्हणून दसऱ्याआधीच शाळेत जा.
यंदा कोणाची मुलं निघणार आहेत, विचारा.
त्यांच्या आजी-आजोबांना भेटा.