हप्ता लाइट बिलात हवा



 वीज वाचवा, असे सांगणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मला बोलायचे आहे ते वीज वाचवण्याची इच्छा असूनही हाताशी पैसे नसलेल्या माणसाविषयी.

छताच्या पंख्याचा हिशेब मांडू. जुना पंखा साधारण 75 वॉट वीज खातो. बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी) मोटरचा पंखा तेवढाच वारा 30 वॉटच्या आसपास देतो. रोज 12 तास, वर्षातले 300 दिवस तो फिरला, तर 162 युनिट वाचतात. युनिटला 5 रुपये धरले तरी वर्षाचे 810 रुपये झाले. जादा मोजलेली किंमत दीड-दोन वर्षांत वसूल होते. तरीही वस्तीतल्या दुकानात खपतो तो स्वस्तातला पंखाच. कारण पैसे एकदम मोजावे लागतात आणि बचत येते महिन्याला साठ-सत्तर रुपयांनी. भाड्याच्या खोलीत तर पंखा घरमालक बसवतो आणि बिल भाडेकरू भरतो. घरमालकाने चांगला पंखा कशासाठी घ्यावा?

या दुखण्यावर दोन उपाय आहेत आणि ते जोडीनेच करावे लागतात.

पहिला उपाय कायद्याचा. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 साली झाला, 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, 2006 मध्ये उपकरणाची वीज-कार्यक्षमता ताऱ्यांनी दाखवणारे स्टार लेबल आले. 2010 पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ते सक्तीचे झाले. लेबलमुळे गिऱ्हाईक निवड करू शकते. पण खरी ताकद सक्तीच्या लेबलसोबत येणाऱ्या कार्यक्षमतेच्या किमान निकषात आहे. त्याखालची वस्तू बाजारात येऊच शकत नाही, म्हणून भाडेकरूचेही रक्षण होते. घरोघरी असलेल्या छताच्या पंख्याला ही सक्ती लागू व्हायला मात्र 1 जानेवारी 2023 उजाडले. एकदा टांगलेला पंखा वर्षानुवर्षे उतरत नाही. या उशिराची किंमत सामान्य माणूस अजून बिलातून भरतो आहे.

दुसरा उपाय पैशाच्या सोयीचा. 5 जानेवारी 2015 रोजी उजाला योजना सुरू झाली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी उपक्रमांच्या कंपनीने एलईडी बल्बची घाऊक मागणी एकत्र केली. खरेदीचा दर 2014 मधील 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. ग्राहकाला बल्बचे पैसे वीजबिलातून दहा-दहा रुपयांच्या हप्त्याने फेडण्याची सोय मिळाली. 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, तेही सरकारी अनुदानाशिवाय.

इतर देशांचे अनुभवही पाहू. घानामध्ये युरोपातून जुने फ्रिज येत. त्या देशाने 2013 पासून वापरलेल्या फ्रिजच्या आयातीवरील बंदी अमलात आणली आणि जुना फ्रिज जमा करणाऱ्याला नव्यावर सवलत दिली. बंदीला पैशाची जोड होती. मेक्सिकोने 2009 पासून जुने फ्रिज आणि एसी बदलायला मदत केली. पुढे अभ्यासकांनी बिले तपासली, तेव्हा फ्रिजमधली बचत अंदाजापेक्षा बरीच कमी भरली आणि एसी बदललेल्या घरांत वीजवापर उलट वाढला होता. म्हणून अनुदान कोणत्या वस्तूला द्यायचे हे नीट पारखले पाहिजे, जुनी वस्तू खरोखर मोडीत गेली पाहिजे आणि बचत प्रत्यक्ष बिलावर मोजली पाहिजे.

आपल्याकडे पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने कार्यक्षम पंख्यांच्या प्रसारासाठी योजनेचा आग्रह सातत्याने धरला. विचार झाला आहे, तंत्र हाती आहे. आता निर्धार हवा.

म्हणून अभियंता, वायरमन व ग्राहक कार्यकर्त्यांच्या या राज्यव्यापी अधिवेशनाने तीन मागण्यांचा ठराव करावा. एक, पंख्याचे किमान निकष ठरलेल्या मुदतीने कडक होत जावेत आणि त्या तारखा कारखानदारांना आधीच कळाव्यात. दोन, कमी वीज वापरणाऱ्या घरांना कार्यक्षम पंखा वीजबिलातल्या हप्त्यावर मिळावा आणि हप्ता महिन्याच्या बचतीपेक्षा कमी असावा. तीन, दुकानातले पंखे विकत घेऊन त्यांची तपासणी व्हावी आणि निकाल मराठीत जाहीर व्हावेत.

मित्रहो, हा ठराव एकमताने मंजूर करा आणि आपापल्या जिल्ह्यात परतल्यावर वीज कंपनीच्या कार्यालयात त्याचा पाठपुरावा करा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.