पडद्यावरील खेळ आणि घरांतला भिडू

महाराष्ट्रांतील मुलांच्या खेळांत एक जुना व मोठा दयाळू नियम आहे. मोठीं भावंडें अंगणांत पळापळीचा डाव मांडतात, तेव्हां चार-पांच वर्षांचें एखादें मूल ‘मलाही घ्या’ म्हणून हट्ट धरतें. त्याला नाहीं म्हणवत नाहीं आणि त्याच्यावर राज्य देणेंही बरें दिसत नाहीं. मग त्याला ‘कच्चा लिंबू’ ठरवितात. तो धांवतो, ओरडतो, सांपडतोही. पण बाद होत नाहीं. खेळाची सारी मौज त्याच्या वांट्याला येते, हार मात्र येत नाहीं.

व्हिडिओ गेम घरांत आले आणि हा नियम पुष्कळसा मागें पडला. तेथें चुकेल तो बाद होतो. आणि बहुधा खेळणारा एकटाच असतो, भोंवतालच्या माणसांस तो विसरतो. ह्या रीतीला अपवाद असे जे थोडे खेळ आहेत, त्यांत २००८ सालीं निघालेला ‘लेगो इंडियाना जोन्स’ हा विचार करण्याजोगा आहे.

लेगो हा डेन्मार्कमधील बिलुंड गांवीं एका सुतारानें १९३२ सालीं सुरू केलेला उद्योग. ‘चांगलें खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याचें नांव पडलें, आणि एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांनीं तें जगभर नेलें. इंडियाना जोन्स हा चित्रपटांतील धाडसी पुराणवस्तुशास्त्रज्ञ. स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांनीं दिग्दर्शित केलेले त्याचे पहिले तीन चित्रपट १९८१, १९८४ व १९८९ सालीं आले. ट्रॅव्हलर्स टेल्स ह्या इंग्रज कंपनीनें ह्या तीन कथा लेगोच्या बाहुल्यांकडून करवून घेतल्या आणि त्यांचा दोघांनीं मिळून खेळावयाचा खेळ बनविला. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर असाच प्रयोग त्याच कंपनीनें २००५ मध्यें केला होता.

ह्या खेळाची रचना पाहण्यासारखी आहे. पडद्यावर नायकाबरोबर नेहमीं कोणी तरी सोबती असतो. दुसरा माणूस नसेल तर त्या सोबत्याला यंत्रच चालवितें. पण शेजारीं बसलेल्यानें दुसरा कंट्रोलर हातीं घेतला कीं तो सोबती त्याचा होतो. गॅसवरचें दूध पाहण्यासाठीं मध्येंच उठावें लागलें तरी खेळ थांबत नाहीं. यंत्र पुन्हा त्याची जागा घेतें. प्रत्येक बाहुलीला चार हृदयें दिलेलीं असतात. तीं संपलीं कीं बाहुलीचे तुकडे होतात, जमविलेल्या संपत्तीपैकीं थोडी सांडते, आणि क्षणांत ती बाहुली पुन्हा उभी राहते. बाद होणें म्हणून नाहींच. म्हणजे येथें सगळेच कच्चे लिंबू!

तरी एकाच्यानें सर्व कामें होत नाहींत. चाबूक नायकाचा, अरुंद बिळांतून सरपटत जावें तें लहानग्या शॉर्ट राउंडनें, कांच फोडावी ती गायिका विलीच्या तीव्र स्वरानें. शिवाय हा शूर नायक सापांना भितो. साप दिसले कीं त्याची गाळण उडते आणि सोबत्यानें पुढें होऊन वाट मोकळी करावी लागते. दोघांना मिळून पडदा एकच असल्यामुळें एक जण फार पुढें धांवूं लागला तर चौकट त्याला अडविते. मागच्याची वाट पाहणें भाग पडतें. पुढच्या वर्षीं निघालेल्या दुसऱ्या भागांत पडदा दुभंगण्याची सोय झाली. पण वाट पाहावयास लावणारी ही पहिली अडचणच घरासाठीं अधिक मोलाची म्हणावी लागेल. बाहुल्या बोलत नाहींत, नुसतें पुटपुटतात व हातवारे करतात. त्यामुळें इंग्रजी न जाणणाऱ्या आजीलाही कथा कळते.

ह्याचें महत्त्व राजगुरुनगरसारख्या ठिकाणीं विशेष आहे. भीमेच्या कांठचें हें जुनें खेड, हुतात्मा राजगुरूंचें जन्मगांव. जवळच चाकणच्या कारखान्यांचा पसारा आहे. तेथें पाळ्या अहोरात्र चालतात. शिवाय त्या पट्ट्यांतील कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते, आणि शाळेची रविवारीं. बाप जागा असतो तेव्हां मूल शाळेंत, मूल घरीं असतें तेव्हां बाप कामावर. अशा घरांत बापलेकांना मिळून सांपडणारा तास मोठा दुर्मिळ. तो तास हारजितीच्या खेळांत घालविला तर सरावलेला मुलगा सहज जिंकतो, थकलेला बाप हरतो, आणि दोघेही लवकरच कंटाळतात. ‘आजी, तूं नुसती माझ्या मागून ये, पडलीस तरी कांहीं बिघडत नाहीं,’ असें नातवाला म्हणतां येतें, आणि ‘पडलें तर थांबशील ना रे?’ असें आजीला विचारतां येतें, तो खेळ निराळा.

दुसरेंही एक कारण आहे. १९८४ चा चित्रपट हिंदुस्थानांत घडतो. परंतु त्यांतील राजवाड्याच्या मेजवानींत साप व माकडाचा मेंदू वाढतात, आणि कालीची उपासना केवळ रक्तपाताची दाखविली आहे. भारत सरकारनें कथानकावर हरकत घेतल्यामुळें चित्रण श्रीलंकेंत झालें. त्यांतील दुष्ट पुजारी मोला राम साकारला तो अमरीश पुरी ह्यांनीं, डोक्याचें मुंडन करून. खेळाच्या कर्त्यांनीं जर्मन सैनिकांवरील नाझी चिन्ह मुलांसाठीं काढून टाकलें. पण हिंदुस्थानाविषयींच्या त्या कथेचा खोटेपणा दूर करणें हें घरच्या वडील माणसांचेंच काम राहतें. मूल एकटें खेळलें तर परक्यानें रंगविलेला देश खरा मानून बसेल. शेजारीं आजी असेल तर ती पुजाऱ्याचें सोंग पाहून ‘अरे, हा तर आपला मोगँबो!’ म्हणून हंसेल, आणि आपल्या घरचें नवरात्र कसें असतें तें सांगेल.

अशा खेळाला यंत्र लागतें, यंत्राला पैसा लागतो, आणि डोळ्यांना विसांवा हवाच. मैदानाची जागा तो घेऊं शकत नाहीं. हार पचविण्याचें शिक्षणही त्यांत नाहीं. तें सोंगट्यांच्या पटावर व आट्यापाट्यांच्या मैदानावर घ्यावें. परंतु मागें राहिलेल्यासाठीं थांबणें हेंही शिक्षणच आहे. आठवड्यांतून एखादा तास, वेळ अगोदर ठरवून, दुसरा कंट्रोलर घरांतील वडील माणसानें हातीं घ्यावा. मूल त्याला वाट दाखवील. अंगणांत ज्याला एकेकाळीं कच्चा लिंबू म्हणून सांभाळून घेतलें, तोच आतां थोरांना सांभाळून घेईल.