एकाच तरव्याची रोपे

न्यूझीलंडच्या अठ्ठाविसाव्या माओरी पलटणीविषयी बोलताना एकूण आकडा सांगून थांबण्याची सवय सोडली पाहिजे. १९४० च्या जानेवारीत पामर्स्टन नॉर्थ येथे उभी राहिलेली आणि मे महिन्यात समुद्रपार रवाना झालेली ही पायदळाची पलटण ग्रीस, क्रीट, उत्तर आफ्रिका व इटलीत लढली. तिच्यातून सुमारे ३,६०० जण परदेशी गेले आणि त्यांपैकी ६४९ परतले नाहीत. परंतु ते ६४९ कोणत्या गावांचे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचे वजन कळत नाही.

माओरींना, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांना, सक्तीची भरती लागू नव्हती. सर आपिराना न्गाता यांच्यासारख्या नेत्यांच्या हाकेला ओ देऊन तरुण स्वेच्छेने आले, आणि त्यांच्या चार लढाऊ कंपन्या, म्हणजे पलटणीतील तुकड्या, ‘इवी’नुसार, अर्थात जमात व तिचा मुलूख पाहून बांधण्यात आल्या. ए कंपनी उत्तरेकडची, सी पूर्व किनाऱ्याची, डी उरलेल्या मुलखांची. बी कंपनी रोटोरुआ परिसरातली, आणि तेथील मुले पर्यटकांनी पाण्यात टाकलेली नाणी बुडी मारून काढीत, म्हणून तिचे टोपणनावच ‘पेनीचे पाणबुडे’ असे पडले.

कोकणात एकाच तरव्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटलेल्या मुठी एका खाचरात लावतात. रोपे सारख्या वयाची असल्याने एकदम मूळ धरतात, एकमेकांच्या आधाराने वाऱ्याला तोंड देतात, परंतु बांध फुटला तर सारा तरवाच वाहून जातो आणि दुसरीकडून रोप आणावे, तर लावणीची वेळ टळलेली असते. या कंपन्यांत चुलतभाऊ शेजारी असण्याचे बळ आणि धोका असाच एकत्र होता.

१७ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री इटलीतील कासिनो रेल्वे स्थानकावर ए आणि बी या दोनच कंपन्या, मिळून सुमारे २०० जण, चालून गेल्या. स्थानक हाती आले; परंतु जर्मनांनी जागोजाग उखडलेला रेल्वेचा भराव पहाटेपर्यंत पुरता सांधला गेला नाही, त्यामुळे मदतीचे रणगाडे मागेच अडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शत्रूच्या रणगाड्यांनी माओरींना मागे रेटले. मृत, जखमी व कैदी मिळून सुमारे १३० जण गेले. पुन्हा सांगणे भाग आहे : हे १३० जण साऱ्या न्यूझीलंडमधून विखुरलेले नव्हते, दोनच मुलखांतील, बहुधा एकमेकांच्या नात्यातील होते.

मृत कोणत्या गावांचे, हा प्रश्न आपल्याकडेही लागू पडतो : ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर, माओरी पलटण जिच्यात होती त्या न्यूझीलंडच्या डिव्हिजनशेजारी आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि त्याच दिवशी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. तेव्हा मराठा पलटणींच्या मृतांची यादीही कोणीतरी तालुकावार लावून पाहावी.