रानातल्या उन्हात दिसेल असा पडदा



मोबाईलच्या पडद्यांवर काम करणारे आपण संशोधक, प्राध्यापक आणि विद्यार्थी आज नीळकंठेश्वराच्या या निलंगा गावात जमला आहात. निलंग्याने राज्याला शिवाजीराव पाटील निलंगेकरांसारखा मुख्यमंत्री दिला, खवय्यांना निलंगा राईस दिला. पण मोबाईलच्या पडद्याशी या गावाचा काय संबंध, असे कुणी विचारले तर २०१९ची शिवजयंती आठवावी. इथल्या शेतात पेरलेल्या हिरवळीतून तेव्हा छत्रपतींची भव्य प्रतिमा उगवली होती. बांधावरून नुसते हिरवे पट्टे दिसत. उंचावरून पाहिले की महाराज! ठिपक्याठिपक्याने चित्र उभे करायचे, हेच तर आपला पडदाही करतो.

मी काही तंत्रज्ञ नाही. पण पडद्यातले द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड फक्त अडवतो किंवा सोडतो, एवढे मला कळले आहे. म्हणून तर आकड्यांचे घड्याळ एका बटन सेलवर वर्षानुवर्षे चालते. मोबाईलच्या अशा पडद्यात खरी वीज खातो तो मागचा दिवा. १८८८ साली हे द्रवस्फटिक पहिल्यांदा लक्षात आले, ते गाजरातले रसायन तपासणाऱ्या फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. म्हणजे याचेही मूळ शेतमालातच! आणि १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले गेले ते आपल्या बंगळुरूत, सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

आता आमचे गाऱ्हाणे ऐका. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. सोयाबीनच्या रानात भर दुपारी पडद्यावर काय दिसते? आपलेच तोंड! उजेड वाढवावा तर बॅटरी उतरते. स्पर्श ओळखण्यासाठी पडद्याची काच बोटामुळे विद्युतभारात पडणारा फरक मोजते. त्यामुळे पावसाचा थेंबही तिला बोटच वाटतो, आणि घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाची मात्र ती कधीकधी दखलच घेत नाही.

यावर इलाज नाही असे नाही. २००७ साली कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेतल्या मुलांना एक्सओ नावाचे लॅपटॉप मिळाले. मेरी लू जेप्सन यांनी रचलेला त्यांचा पडदा मागचा दिवा विझवूनही उन्हात वाचता येई. सूर्यालाच त्यांनी कामाला जुंपले होते. जपानी शास्त्रज्ञ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलेल्या ऑक्साइड ट्रान्झिस्टरच्या वाटेने आज असे पडदे आले आहेत, ज्यांना स्थिर चित्र सेकंदाला ६० वेळा पुन्हा काढावे लागत नाही, म्हणून बॅटरी वाचते. थेंब कोणता आणि बोट कोणते, हेही नवी यंत्रणा बरेचसे ओळखू लागली आहे.

म्हणून एकच विनंती. प्रयोगशाळेच्या सावलीत उत्तीर्ण झालेला पडदा आमच्या रानातल्या उन्हात नापास होऊ नये. दुपारच्या सत्रानंतर आपले नमुने घेऊन जवळच्या शेतात चला; तपासणीला घट्टे पडलेली बोटे आम्ही पुरवू.