घोरण्याची थट्टा आणि नाकावरचा मास्क

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात मेहकर येथे केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील बदल’ हा विषय दिला होता. मीच विनंती करून तो बदलून घेतला. त्याला कारण आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मागच्या दिवाळीत मी ग्रुपवर सहज लिहिलं की मी रात्री नाकाला मास्क लावून, यंत्र सुरू करून झोपते. त्यावर हसरे चेहरे आले. एकाने मला ‘कुंभकर्णाची बहीण’ म्हटलं. कुंभकर्णाची बहीण म्हणजे शूर्पणखा, आणि विषयही नाकाचाच, तेव्हा उपमा बरी जमली! पण त्याच आठवड्यात मला नऊ जणांचे वेगळे निरोप आले. सगळ्यांचा सूर एकच: “कोणाला सांगू नकोस, पण आमच्याकडेही असंच आहे.” नऊ जणांना नऊ वेळा सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदाच सांगते.

मी डॉक्टर नाही. शेगावला इंजिनिअरिंग केलं आणि तेव्हापासून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. निदान आणि उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे असतात. पण डॉक्टरांनी यंत्र लिहून दिल्यानंतर ते कपाटात न जाता रोज रात्री वापरात कसं राहील, एवढं मी अनुभवाने सांगू शकते.

आधी आजार काय ते सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासमार्ग त्यामुळे अरुंद होतो आणि माणूस घोरतो. काहींचा तो पूर्ण मिटतो. छाती श्वास घ्यायला धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घरघराट होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. झोपलेल्याला याचा पत्ताही नसतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. किमान १० सेकंदांचा असा अडथळा मोजला जातो. तासाला ५ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. माझ्या तपासणीत तो आकडा ३४ आला. म्हणजे दर पावणेदोन मिनिटांना एकदा माझा श्वास अडत होता. उपचार न झाल्यास रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

मैत्रिणींनो, आता जरा तुमच्यासाठी. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला की भारतातल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना हा आजार आहे. पुरुषांत १३ टक्के आणि स्त्रियांत ५ टक्के. स्त्रियांचा आकडा कमी आहे हे खरं, पण स्त्रियांच्या बाबतीत तो ओळखूही कमी येतो. बाई दारं हलतील असं घोरतेच असं नाही. ती सकाळी डोकं धरून उठते, दिवसभर गळून गेलेली असते, चिडचिड करते, रात्री तिची झोप मोडते. मग घरचे म्हणतात, वय झालं, काम फार होतं, रक्त कमी असेल. माझं हिमोग्लोबिन तपासलं, थायरॉइड तपासलं, दोन्ही व्यवस्थित निघालं. शेवटी माझ्या नवऱ्याने एका रात्री मोबाइलवर आवाज टिपून डॉक्टरांना ऐकवला, तेव्हा झोपेची तपासणी झाली. पाळी थांबण्याच्या सुमारास आणि नंतर हा धोका वाढतो. आपण सगळ्या जणी आता त्याच वयात आहोत.

मित्रांनो, तुमच्यासाठी दुसरी गोष्ट. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्या सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताची कारणं हा वेगळा विषय आहे, मी त्यात शिरत नाही. पण त्या दिवसापासून आपल्या घाटावरच्या प्रत्येक घरात चालकाच्या झोपेची गोष्ट निघते. मला आलेल्या नऊ निरोपांपैकी एक रात्रीची गाडी चालवणाऱ्याचा होता. त्याने लिहिलं होतं, “तपासायला गेलो आणि आजार निघाला, तर मालक गाडी देईल का?” त्याची भीती मला समजते. घर त्याच्या पगारावर चालतं. पण उपचार नीट घेतला तर दिवसाची झापड जाते आणि माणूस पुन्हा सुरक्षित गाडी चालवू शकतो. त्याची रोजी धोक्यात आहे ती न तपासलेल्या झोपेमुळे.

स्वतःची चाचपणी करायला एक सोपी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर वगैरे. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात तर डॉक्टरांना भेटा. सभेत स्वस्थ बसणं हाही त्यातला एक प्रसंग आहे, तेव्हा आत्ता जे पेंगत असतील त्यांनी आपले गुण मोजून घ्यावेत!

आता यंत्राकडे येते. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी वेगळी वाट करणं. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकातून सतत हवेचा हलका दाब दिला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. तेच आजचं सीपॅप. शेतात लपेटा पाईप असतो ना, पाणी नसलं की चपटा पडून राहतो आणि मोटर सुरू झाली की गोल होतो, तसंच आपल्या घशाचं. हवेचा दाब त्याला आतून उघडा ठेवतो. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात, सहसा ४ ते २० सेंटिमीटर. माझा १० च्या आसपास असतो. तांब्यात वीतभरसुद्धा पाणी नसताना तळाशी जेवढा दाब असेल, तेवढाच. हवा साधीच असते, खोलीतलीच. हा ऑक्सिजनचा सिलिंडर नव्हे.

लोक यंत्राची चौकशी फार करतात. किती आवाज करतं, कोणत्या कंपनीचं, अ‍ॅप आहे का. माझा अनुभव असा की उपचार टिकतो किंवा मोडतो तो मास्कवर. यंत्र टेबलावर बसतं. मास्क तुमच्या चेहऱ्यावर सहा-सात तास असतो. पहिल्यांदा मला विक्रेत्याने नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क आणून दिला, दुसरा दाखवलाच नाही. त्या मास्कमध्ये चौथ्या रात्रीपर्यंत नाकाच्या हाडावर लाल वण उठला. मग डॉक्टरांनी दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने मला पलंगावर आडवं केलं, यंत्र माझ्या नेहमीच्या दाबावर लावलं आणि तीन प्रकारचे मास्क एकामागून एक घालून पाहिले. तेव्हापासून माझी गाडी रुळावर आली.

ते तीन प्रकार लक्षात ठेवा. पहिला नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा, दोन छोट्या उशांसारखा. चेहऱ्यावर पसारा कमी, चष्मा लावून वाचता येतं, जीव घुसमटणाऱ्यांना बरा. पण दाब जास्त असेल तर नाकपुड्यांना टोचू शकतो. दुसरा फक्त नाक झाकणारा. कूस बदलणाऱ्यांना चालतो. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा. ज्यांचं नाक कायम चोंदलेलं असतं किंवा जे तोंड उघडं ठेवून झोपतात, त्यांना याचा उपयोग. दाढी-मिशी असेल तर मोठा मास्क कडेने हवा सोडतो, हे आपल्या मिशीवाल्या सरांनी ध्यानात घ्यावं.

मास्क बसून पाहू नका, आडवे होऊन पाहा. झोपल्यावर गाल आणि हनुवटी सरकतात. यंत्र सुरू ठेवून, दोन्ही कुशींवर वळून पाहा. आकार मापूनच घ्या. एकाच मास्कची गादी लहान, मध्यम, मोठी अशी मिळते. पट्टे करकचून आवळू नका. हवा गळते म्हणून आपण आवळतो, गादीची घडी वाकडी होते आणि हवा आणखी गळते. मास्क बसत नसेल तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. बऱ्याच शहरांत यंत्र महिन्याच्या भाड्यानेही मिळतं. आधी भाड्याने वापरून मग विकत घेणं शहाणपणाचं. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबक असतात. घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसा मास्क घेऊ नका. आणि जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने आतला फोम झिजतो म्हणून जगभरातली लाखो यंत्रं परत बोलावली होती. जुन्या बाजारातलं यंत्र त्यातलं नाही ना, हे बघायला हवं.

पहिले पंधरा दिवस कठीण जातात. मी संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, नुसती सवय व्हावी म्हणून. यंत्रात ‘रॅम्प’ नावाची सोय असते. दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू वाढतो, तोवर झोप लागते. तोंड कोरडं पडत असेल तर दमट हवा देणारी पाण्याची टाकी लावा. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने टाकीत महिन्याभरात पांढरा थर धरेल. थंडीत नळीत पाणी साठून नाकात थेंब पडतात. यंत्र पलंगाच्या उंचीपेक्षा खाली ठेवा आणि नळीला कापडी खोळ घाला. गादी रोज सौम्य साबणाने धुवा, नळी आठवड्यातून एकदा. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ किती असते ते मी सांगायला नको, फिल्टर वरचेवर बघा.

आणि वीज. गावी आले की पहिला प्रश्न तोच. पाणी तापवणारा हीटर बंद ठेवला तर यंत्राला वीज बरीच कमी लागते, घरच्या इन्व्हर्टरवर माझी रात्र निघते. वीज गेली आणि यंत्र बंद पडलं तरी घाबरू नका. मास्कला हवा बाहेर जायची छिद्रं असतात आणि मोठ्या मास्कला वेगळी झडपही असते. पण मास्क काढून ठेवलेलाच बरा.

सरतेशेवटी लाजेबद्दल. आपल्याकडे लग्नघरी बायका एका खोलीत ओळीने गाद्या टाकून झोपतात. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन बायका घोरण्याच्या लाजेने मुक्कामाला जायचंच टाळतात. दिवसा येतात, जेवतात आणि शेवटच्या एसटीने परततात. बहिणीच्या लग्नाची रात्र, माहेरची रात्र, मैत्रिणींसोबतची रात्र त्यांच्या आयुष्यातून गेली, आणि आजार मात्र जागेवरच राहिला. चष्मा लावायला आपण लाजत नाही. हेही तसंच एक साधन आहे. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू टाळणं याचाही उपयोग होतो आणि डॉक्टर ते सांगतीलच. पण वजन उतरेपर्यंत श्वास थांबू देता येत नाही.

माझा ३४ चा आकडा आता यंत्राच्या नोंदीत बहुतेक रात्री ३ च्या आत असतो. सकाळचं डोकं दुखणं दोन महिन्यांत गेलं. दुपारच्या बैठकीत मी जागी असते, याचं श्रेय मात्र बैठकीला नाही.

आज रात्री आपण सगळ्या जणी कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये मुक्कामाला आहोत. माझं यंत्र सोबत आणलंय. त्याच्यासोबत न वापरलेल्या तीन मापांच्या गाद्याही आहेत, हातात घेऊन बघता येतील. ज्यांनी “कोणाला सांगू नकोस” म्हटलं होतं, त्या नऊ जणांनी नाव न सांगताही जेवणानंतर येऊन बसावं. सर, बाई, आपणही या. निदान नातवंडं मोबाइलवर आपला आवाज टिपून हसत असतील, तर तो आवाज पुसून टाकू नका. डॉक्टरांना ऐकवा.