एका थेंबाचा माग

मालमोटार रात्री जेथे मुक्कामाला उभी राहते, तेथे सकाळी ती निघून गेल्यावर जमिनीवर एक काळा ठिपका मागे उरतो. हमरस्त्यावरील कोणत्याही जुन्या ढाब्याचे अंगण पाहावे. अशा ठिपक्यांनी ते इतके माखलेले असते की, मूळची माती कोणत्या रंगाची होती हे सांगणे कठीण व्हावे. गाडी जुनी झाली म्हणजे थोडे तेल गळावयाचेच, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात पडून गेला आहे. जो ड्रायव्हर तसे मानीत नाही, त्याला त्याचे सोबती थोडेसे हसतात.

अशाच एका ड्रायव्हरची ही हकीकत आहे. भाद्रपदाचे दिवस. लासलगावच्या बाजारातून कांद्याची पोती भरून त्याचा ट्रक आग्रा रोडने इंदूरकडे निघालेला. ट्रक त्याच्या स्वतःच्या मालकीचा. पण दुसऱ्या हाताने आणि कर्ज काढून घेतलेला. वय वीस वर्षांच्या वर. १९५४ साली टाटांनी जर्मनीतील डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बांधावयास आरंभ केला. तो करार १९६९ मध्ये संपला; मात्र त्या घडणीच्या इंजिनांची परंपरा पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. सहा सिलिंडरांचे ते साधे, सोशिक इंजिन उघडावयास संगणक लागत नाही. चार पाने, एक हातोडी आणि शांत डोके एवढ्यावर भागते. त्यांपैकी तिसरी वस्तूच बहुधा कमी पडते.

धुळे मागे पडल्यावर ड्रायव्हरच्या नाकाला जळक्या तेलाचा वास येऊ लागला. तापी ओलांडून शिरपूरला त्याने गाडी थांबविली आणि डिपस्टिक काढून पाहिली. सकाळी वरच्या खुणेला असलेले तेल खालच्या खुणेजवळ आलेले. क्लीनर बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात, त्या क्लचच्या घराच्या तळातून थेंब पडत होते. सेकंदाला साधारण एक. ऐकावयास हे क्षुल्लक वाटते. पण तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी तासाला १२० मिलिलिटर होतात आणि दहा तासांच्या प्रवासात सव्वा लिटर. पुढे तर बिजासन घाटाचा चढ होता. चढावर इंजिन तापते, तापले की तेल पातळ होते आणि पातळ झाले की गळती वाढते. तेच तेल लाल झालेल्या एक्झॉस्टच्या नळीवर पडले तर आग लागू शकते, आणि क्लचच्या प्लेटीवर गेले तर भरली गाडी भर चढावर घसरू लागते.

गॅरेजमधील तरुण मिस्त्रीने खाली वाकून पाहिले आणि निदान सांगितले, "भाऊ, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." त्याचे म्हणणे अगदीच अविचाराचे नव्हते. क्रँकशाफ्ट इंजिनाच्या मागील बाजूने जेथे बाहेर येतो, तेथे तेल अडविणारे सील असते आणि ते झिजले म्हणजे तेल नेमके त्याच जागी टपकते. परंतु ते बदलावयाचे म्हणजे गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील एवढे सगळे खाली घ्यावे लागते. दोन दिवसांचे काम. त्या दमट हवेत ताडपत्रीखाली कोंडलेला कांदा दोन दिवस कसा राहणार? दुसऱ्या ट्रकात माल चढवावा, तर या फेरीचे भाडे गेले. आणि महिन्याचा हप्ता तर त्याच भाड्यातून द्यावयाचा होता. ड्रायव्हर काही न बोलता फुटबोर्डवर बसून राहिला.

शेजारच्या आवारात एक वृद्ध मिस्त्री पाटे बसवीत होता. तो हात पुशीत आला, गाडीखाली न जाता बॉनेटकडे गेला आणि म्हणाला, "आधी धुऊन तर घ्या. दिसत काहीच नाही, अन् गिअरबॉक्स कसला उतरवता?"

सारी मेख येथेच आहे. इंजिनावर वर्षानुवर्षांचे तेल आणि धूळ यांचा थर चढलेला असतो, आणि त्या थरात नवी गळती जुन्यात मिसळून जाते. त्यातच तेल खाली उतरते आणि धावत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे पुढे आणि वर कोठेतरी सुटलेले तेल बरेचदा मागे आणि खाली येऊन टपकते. थेंब पडतो ती जागा हा मागाचा शेवट असतो. शोध घ्यावयाचा तो सर्वांत उंच आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागेचा.

इंजिन निवू दिले. मग ब्रश आणि डिझेल घेऊन क्लीनरने ते वरपासून खालपर्यंत धुतले आणि चिंध्यांनी कोरडे केले. दरम्यान म्हाताऱ्याने पडलेला एक थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन बोटाने पसरला. काळाकुट्ट, काजळीचा, म्हणजे डिझेल इंजिनाचेच तेल. गिअरबॉक्सचे तेल अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ही शंका एका मिनिटात मिटली. नंतर क्लचच्या घराच्या तळाचे लहान झाकण काढून त्याने आत बॅटरी मारली. फ्लायव्हीलची कड कोरडी होती. मागचे सील गळत असते तर तेल प्रथम आतच उडाले असते. येथे आत कोरडे आणि बाहेर ओले. तरुण मिस्त्रीने पुन्हा वाकून पाहिले आणि तो गप्प झाला.

क्लीनरच्या पिशवीतून अंगाला लावावयाच्या पावडरीचा डबा निघाला. ती पावडर फडक्यात बांधून कोरड्या इंजिनावर सर्वत्र झटकली आणि इंजिन सुरू केले. दहा मिनिटे काहीच दिसेना. मग वेग थोडा वाढविताच टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्याखाली पांढऱ्यावर एक करडी रेघ उमटली. ती सावकाश खाली सरकली, इंजिनाच्या मागच्या भिंतीवर वळली आणि क्लचच्या घराच्या सांध्यात नाहीशी झाली.

म्हाताऱ्याने आणखी एक गोष्ट केली. तेल ओतण्याच्या तोंडावरील झाकण त्याने चालू इंजिनावरच सैल केले. आतून फुस्सकन वाफ निघाली आणि थोड्या वेळाने रेघेचा ओघ मंदावला. याचा अर्थ असा : पिस्टनच्या रिंगांना चुकवून जळलेला वायू थोडाथोडा इंजिनाच्या पोटात उतरतच असतो, नव्या इंजिनात कमी, जुन्यात अधिक. त्याला बाहेर पडावयास ब्रीदर ठेवलेला असतो. ह्या गाडीचा ब्रीदर झाकणातच होता आणि त्याची जाळी तेल व धुळीने लिंपून गेली होती. वायूला वाट मिळेना, तेव्हा त्याने सर्वांत दुबळ्या सांध्यातून तेल बाहेर रेटले. नुसते गॅस्केट बदलून गाडी सोडली असती, तर महिन्याभरात तेच गाऱ्हाणे पुन्हा उभे राहिले असते.

कव्हर उघडल्यावर उरलेला खुलासा झाला. कॉर्कचे गॅस्केट पापडासारखे वाळून तडकले होते. पूर्वी कोणीतरी गळती पाहून नट जोराने आवळले होते. त्यामुळे नटाच्या भोवती कव्हरची पत्र्याची कड आत दबली आणि दोन नटांच्या मधे वर उचलली गेली. जितके आवळावे तितकी फट मोठी! सरकारी खात्यांतही हा प्रकार पाहावयास मिळतो. पण तो विषय निराळा.

वृद्धाने ती कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट केली आणि खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर टेकवून फट राहिली नाही ना, ते तपासले. दुकानातून कॉर्कचा ताव आणविला, कव्हर त्यावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आणि कात्रीने गॅस्केट कापले. कॉर्क म्हणजे पोर्तुगालसारख्या देशांत होणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. ती एकदा सोलली की पुन्हा भरून येण्यास नऊ वर्षे द्यावी लागतात. त्या सालीला कव्हरशी चिकटविण्यासाठी मिस्त्रीने बाटली काढली ती शेलॅकची. आणि शेलॅक म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरील किड्यांची लाख. रांचीजवळ नामकुम येथे तिच्या संशोधनासाठी १९२४ साली संस्था निघाली, इतके त्या मुलखात तिचे महत्त्व. दूरदेशीची साल आणि छोटा नागपूरची लाख यांची गाठ अशी शिरपूरच्या एका आवारात पडली.

शेलॅकचा पातळ हात फक्त कव्हरच्या बाजूला दिला. इंजिनाच्या बाजूला किंचित ग्रीस, म्हणजे पुन्हा उघडताना गॅस्केट फाटू नये. नट मधल्यापासून कडेकडे, आळीपाळीने आणि थोडेथोडे बसविले. तरुण मिस्त्रीने सवयीने पान्यावर जोर दिला, तेव्हा म्हाताऱ्याने लांब पाना त्याच्या हातून काढून आखूड पाना दिला. "ह्याच्यानं जेवढं बसेल तेवढंच," एवढेच तो म्हणाला. झाकणाची जाळी रॉकेलमध्ये बुडवून, घासून, फुंकून स्वच्छ केली. इंजिन तापविले, निवविले आणि नटांवरून पुन्हा एकदा हलका पाना फिरविला.

दुपारी तीनच्या सुमारास सारे आटोपले. सामानाचा खर्च एका वेळच्या दोघांच्या जेवणाहून फारसा अधिक नव्हता. मजुरी किती द्यावयाची, यावर मात्र थोडी ओढाताण झाली. म्हातारा जे मागत होता ते ड्रायव्हरला फार कमी वाटत होते, आणि वाढवून दिलेले पैसे तो घेईना. अखेर कांद्याचे अर्धे पोते उतरविले गेले. त्यातले निम्मे तरुण मिस्त्रीच्या घरी गेले.

पळासनेर सोडल्यावर घाट लागला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत वर चढली. जळका वास आला नाही, तरी ड्रायव्हर दोनदा नाक वर करून हुंगत होता. रात्री सेंधव्याला पोहोचल्यावर क्लीनरने इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरले. पहाटे त्यावर दोन थेंब होते. ते पाहून त्याचा चेहरा उतरला. ड्रायव्हरने बॉनेट उघडून टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवरून अंगठा फिरविला. अंगठा कोरडाच राहिला. थेंब होते ते सांध्याच्या खाचेत अडकलेल्या जुन्या तेलाचे. डिपस्टिकवरील तेल शिरपूरला होते त्याच खुणेवर होते. क्लीनरने कागद घडी करून सीटखाली ठेवला, पुढच्या मुक्कामाला पुन्हा लागेल म्हणून, आणि गाडी खलघाटच्या नर्मदेच्या पुलाकडे निघाली.